सदाफुली आणि पागोळ्या

मे महिन्यात आमच्या विहिरीत कशीबशी कळशी बुडते. ते पाणी आधी माणसांना, मग गाईला, उरलं तर आंब्याच्या नव्या कलमांना. फुलझाडांची पाळी येतच नाही. मोगरा सुकतो, जास्वंद कळ्या गाळते. गडग्याकडेची सदाफुली दुपारी पानं मिटून घेते आणि दिवेलागणीला पुन्हा ताठ. पाचसहा दिवसांनी भांडी विसळलेलं तांब्याभर पाणी मिळालं तरी तिचं भागतं.

तिला मारतो तो आमचा पाऊस. लग्न होऊन गुहागरला आले त्या वर्षी मी हौसेने पडवीच्या कडेला ओळीने दहा रोपं लावली, नेमकी पागोळ्यांखाली. जुलैत पानं पिवळी पडली. मला वाटलं, खत कमी पडलं. दोन घमेली शेणखत ओतलं. चार दिवसांत खोडं जमिनीलगत काळी पडली. एक उपटून पाहिलं तर मुळाची साल सुटून बोटांना चिकटली, आत नुसता पांढरा दोरा. फार वाईट वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, पागोळीखाली केळ लावतात, सदाफुली नव्हे."

सदाफुली मूळची मादागास्करची. आमच्याकडे पुळणीच्या कडेला रेतीतसुद्धा ती आपसूक वाढते, कारण तिथे पाणी थांबत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा पाणी तुंबेल अशा जागी ती जगणार कशी? आता मी फुटक्या चिऱ्यांची वीतभर उंच चौकट करते. आत तांबडी माती, चिऱ्याचा चुरा आणि ओंजळभर जुनं शेणखत. जास्त खत घातलं तर नुसता पाला माजतो. दसऱ्यानंतर पाऊस सरला की जून फांद्या अर्ध्यावर छाटते. पंधरवड्यात नवे फुटवे येतात.

एक मात्र कळकळीने सांगते. साखरेवर उपाय म्हणून कोणी हिची पानं चावून खातात, ते करू नका. झाड विषारी आहे, मोकाट गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन याच झाडातून मिळतं, पण ते डॉक्टरांनी मोजूनमापून द्यायचं औषध आहे.

बी धरायचं तर शेंगांवर लक्ष हवं. त्या जोडीने येतात, काडीसारख्या बारीक. पिवळसर झाल्या की लगेच खुडायच्या, नाहीतर उकलतात आणि तिळाहून बारीक काळं बी मातीत सांडतं. पेरल्यावर वर मातीचा पातळ थर द्यायचा, अंधारात ते चांगलं रुजतं.

सांडलेलं बी मुंग्या ओढून नेतात. यंदा गडग्याच्या फटीत तीन रोपं आली आहेत, मी न लावलेली. दोन गुलाबी निघाली. तिसऱ्याला अजून कळी यायची आहे.