सारस राजवाड्यावर कसा?

पक्षिनोंदींच्या नकाशावर सारसाच्या जोडीचा ठिपका थेट इंदूरच्या राजवाड्यापाशी! नोंदीत ठिकाण नुसतं ‘इंदूर’ लिहिलेलं, म्हणून संगणकानं शहराचा मध्य धरला. जोडी असणार शहराबाहेरच्या यशवंत सागर तलावाकडे. ही चूक निदान डोळ्यात भरते. रानपिंगळा या दुर्मिळ घुबडाच्या नोंदीतली भरली नाही. माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकानं संग्रहालयातून चोरलेल्या नमुन्यावर ‘१९१४, मांडवी, गुजरात’ अशी खोटी चिठ्ठी लावली आणि अभ्यासक कित्येक वर्षं फसले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद बाद करून जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला, तेव्हा १९९७ मध्ये रानपिंगळा महाराष्ट्रात शहाद्याजवळ सापडला. मला याचा फार राग येतो.

आपली नोंद मात्र आपल्या हातात आहे. अक्षांशात दशांशानंतर एकच आकडा लिहिला तर फरक किलोमीटरांचा पडतो. चौथा आकडा सुमारे ११ मीटरचा असतो. पण चार आकडे म्हणजे अचूकता नव्हे, बरं का. सिरपूर तलावाच्या पाळीवर उभं राहून दुर्बिणीतून पाहिलं, तर फोन पाळीचा बिंदू देतो. पक्षी असतो पलीकडच्या गाळात. म्हणून सोबत अनिश्चिततेची त्रिज्या, म्हणजे पक्षी बिंदूपासून जास्तीत जास्त किती दूर असू शकतो ते लिहा: २०० मीटर, ५०० मीटर, जे खरं असेल ते. जुन्या वहीत नुसतं ‘इंदूर’ असेल तर नोंद फेकू नका, ३० किलोमीटर लिहा.