शिकागोत १ मे शोधताना

आमच्या शाळेत १ मेला दोनच गोष्टी व्हायच्या: सकाळी झेंडावंदन आणि त्यानंतर निकाल. महाराष्ट्र दिनाला जोडून ‘आणि कामगार दिन’ असं गुरुजी म्हणायचे, पण तेव्हा सगळं लक्ष प्रगतिपुस्तकात. पुढे बँकेत लागले, युनियनचा चंदा भरायला लागले आणि दर मे महिन्यातल्या गेट मीटिंगमध्ये ‘शिकागोचे हुतात्मे’ कानावर पडू लागले. हुतात्मे किती, कशासाठी गेले, भाषण करणाऱ्यालाही नीट ठाऊक नसावं. निवृत्तीनंतर मुलीकडे शिकागोला आले तेव्हा ठरवलं, आता प्रत्यक्षच बघू. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, “आई, मी सहा वर्षं इथे आहे, मला कुणी सांगितलंच नाही.” खरंय. ज्या देशात १ मे जन्मला तिथे त्या दिवशी सुटी नसते. त्यांचा लेबर डे सप्टेंबरचा पहिला सोमवार.

पहिला घोळ नावाचा. हेमार्केटचं, म्हणजे १८८६ची ती कामगारांची सभा झाली त्या जागेचं स्मारक शहराच्या मध्यभागी डेस प्लेन्स स्ट्रीटवर आहे. हुतात्म्यांची समाधी फॉरेस्ट पार्क या उपनगरात, डेस प्लेन्स अॅव्हेन्यूवर. शिवाय विमानतळापलीकडे डेस प्लेन्स नावाचं अख्खं गाव आहे. मी फोनमध्ये नुसतं ‘डेस प्लेन्स’ टाकलं आणि आम्ही पाऊण तास भलत्याच दिशेला गेलो. तुम्ही ‘हेमार्केट मेमोरियल’ आणि ‘फॉरेस्ट होम सिमेटरी’ अशी पूर्ण नावं टाका.

स्मारकासाठी शहरी रेल्वेच्या (तिला इथे ‘एल’ म्हणतात) ग्रीन किंवा पिंक लाइनच्या क्लिंटन स्टेशनवर उतरायचं, तिथून चालत पाच-सात मिनिटं. लाल-तपकिरी रंगाची एक गाडी आणि तिच्यावर उभे राहून बोलणारे, ऐकणारे लोक असं मेरी ब्रॉगर यांचं हे शिल्प २००४ साली बसवलं. गाडी का, तर ४ मे १८८६च्या रात्री व्यासपीठ म्हणून इथे मालवाहू घोडागाडीच होती. १ मेपासून कामाच्या आठ तासांच्या दिवसासाठी देशभर संप चालू होता. ३ तारखेला मॅकॉर्मिकच्या शेतीयंत्रांच्या कारखान्यासमोर पोलिसांनी गोळीबार केला, त्याच्या निषेधाची ही सभा. महापौर स्वतः येऊन ऐकून गेले, सगळं शांत आहे म्हणाले आणि घरी गेले. पाऊस येईलसं वाटून गर्दीही पांगली होती. मग पोलिसांची तुकडी आली, कुणीतरी बॉम्ब टाकला आणि पोलिसांनी अंधारात गोळ्या झाडल्या. ७ पोलीस गेले, किमान ४ कामगार गेले. बॉम्ब कुणी टाकला ते आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी खटला चालला आठ जणांवर.

चौथऱ्यावर निरनिराळ्या देशांच्या कामगार संघटनांनी आणून लावलेले धातूचे फलक आहेत. आपल्याकडची एखादी पाटी दिसते का म्हणून मी चारही बाजूंनी फिरले. आजूबाजूला चकचकीत इमारती, हॉटेलं, कुत्री फिरवणारी मंडळी. थांबून बघणारे आम्ही दोघीच. वीस मिनिटं पुरतात. यासाठी वेगळा दिवस काढू नका.

दिवस काढायचा तो समाधीसाठी. ब्लू लाइन घ्या, पण फलाटावर पाटी वाचा: एकाच निळ्या रेषेचं एक टोक ओहेअर विमानतळ, दुसरं फॉरेस्ट पार्क. शेवटच्या स्टेशनपासून दक्षिणेकडे दहा-पंधरा मिनिटं चालत. पाणी बरोबर ठेवा. स्मशानभूमीचं फाटक संध्याकाळी बंद होतं, म्हणून सकाळीच जावं.

त्या आठांपैकी चौघांना, ऑगस्ट स्पाइस, अल्बर्ट पार्सन्स, अॅडॉल्फ फिशर आणि जॉर्ज एंगेल यांना, ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी दिलं. लुई लिंग आदल्या दिवशीच कोठडीत स्फोटकाने स्वतःचा जीव दिला. यांतले पार्सन्स तर पोलिसांच्या हाती लागलेच नव्हते. खटला सुरू झाला तेव्हा आपणहून कोर्टात येऊन बसले. हे वाचल्यापासून मला झोप नव्हती. आपण गेलो असतो का?

फाटकापासून जवळच १८९३चं स्मारक आहे, अल्बर्ट वाइनर्ट यांनी केलेलं. डोक्यावरून वस्त्र ओढलेली ब्राँझची बाई खाली पडलेल्या कामगाराच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवतेय. पायथ्याशी ‘१८८७’ आणि स्पाइस यांचे शेवटचे शब्द: आज तुम्ही जे आवाज दाबताय, त्यांच्यापेक्षा आमचं मौन जास्त ताकदवान ठरेल असा दिवस येईल. आम्ही गेलो तेव्हा तिच्या पायाशी सुकलेली लाल फुलं, युनियनचे दोन-तीन बिल्ले आणि का कोण जाणे, एक कामाचा हातमोजा ठेवलेला होता. एकाच हाताचा, तळव्यावर झिजून पांढरा पडलेला. लेक तो उचलून बघायला वाकली; मी नको म्हटलं.

पुढची बाजू बघून परत फिरू नका. मागे इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी दिलेल्या माफीच्या आदेशातला मजकूर आहे. स्मारकाचं अनावरण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ जून १८९३ला, त्यांनी उरलेल्या तिघांना सोडलं, आणि खटलाच न्यायाने चालला नव्हता असं स्पष्ट लिहिलं. नुसती दया दाखवली असती तर लोकांनी चालवून घेतलं असतं. न्यायालयाला चूक म्हटलं, हे त्यांच्या राजकारणाला फार महागात पडलं. आसपास अल्बर्ट यांच्या पत्नी ल्युसी पार्सन्स आणि अराजकतावादी नेत्या एमा गोल्डमन यांच्या कबरी आहेत. गोल्डमनबाईंच्या दगडावर तारखाच चुकीच्या कोरल्यात! आयुष्यभर सरकारी कागदांशी भांडलेल्या बाईच्या नशिबी हे.

दुसरा दिवस पुलमनचा, म्हणजे एका कारखानदाराने वसवलेल्या जुन्या कामगार-गावाचा. मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिकची उपनगरी गाडी, उतरायचं १११व्या स्ट्रीटला. शहरातल्या ‘एल’ गाड्यांना बँकेचं कार्ड टेकवून चालतं. मेट्राला चालत नाही, तिचं तिकीट वेगळं काढा. गाड्याही लांब लांब अंतराने असतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. आम्ही नाही बघितली आणि फलाटावर पोहे संपवत बसलो. घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीत पुलमन राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचं माहिती केंद्र आहे, प्रवेश फुकट. रोज उघडं असेल असं धरून जाऊ नका. जवळच्या पोर्टर (शयनडब्यांतले सेवक) म्युझियमचंही तेच.

रेल्वेचे शयनडबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८० पासून हे गाव वसवलं. विटांची सुबक घरं, बाग, वाचनालय, मुलीच्या नावाचं हॉटेल फ्लोरेन्स. घरात नळ, गॅस. आजही गल्ल्या इतक्या देखण्या, की लेक म्हणाली, “इथे राहायला काय हरकत होती?” हरकत एकच: घर कधीच तुमचं व्हायचं नाही. मालक, घरमालक आणि गावाचा कारभारी एकच माणूस. हिरव्या दगडाचं चर्चसुद्धा भाड्याने! १८९३च्या मंदीनंतर त्याने मजुरी सरासरी २५ टक्के कापली, भाडं मात्र तेवढंच ठेवलं. गावातले पाद्री कारवर्डीन यांनी लिहून ठेवलंय, की भाडं वजा जाता एकाच्या हाती दोन सेंटचा चेक आला. तो त्याने वटवला नाही, फ्रेम करून ठेवला. मी पस्तीस वर्षं चेक हाताळलेत. दोन सेंटचा चेक लिहिणाऱ्या कारकुनाचा हात कसा चालला असेल, हेच डोक्यात बसलं.

११ मे १८९४ला पुलमनच्या कामगारांचा संप सुरू झाला. २६ जूनपासून युजीन डेब्ज यांच्या रेल्वे युनियनने पुलमनचे डबे लावलेली गाडी हाकायचीच नाही असं ठरवलं आणि गाड्या ठप्प झाल्या. दोनच दिवसांनी, २८ जूनला, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी लेबर डेच्या सुटीवर सही केली, आणि जुलैत संपावर लष्कर पाठवलं. नको म्हणून निषेध करणारा गव्हर्नर कोण? पुन्हा आल्टगेल्डच.

पोर्टरांची गोष्ट याच्या नंतरची. डब्यांतले सेवक बहुतेक सगळे कृष्णवर्णीय, आणि प्रवासी त्यांना सरसकट मालकाच्या नावाने ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारायचे. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये त्यांनी युनियन काढली. कंपनीने करारावर सही केली १९३७ला. बारा वर्षं! आमच्या वेतनकराराला दोन वर्षं उशीर झाला तर आम्ही केवढा गहजब करायचो.

वेळ उरला तर रेड लाइनने शेरिडनला उतरा आणि ग्रेसलँड स्मशानभूमीत जा. पुलमन १८९७ मध्ये वारला. कामगार प्रेत उकरून काढतील या भीतीने शवपेटी काँक्रीटमध्ये गाडली, वर रूळ बोल्टने जखडले. त्यावर आता उंच खांब उभा आहे, लांबून दिसतो. आल्टगेल्डही याच स्मशानात आहेत. ते मात्र शोधावे लागतात, कार्यालयातून नकाशा मागून घ्या. आमच्याकडे फुलं नव्हती. लेकीने पर्समधून माझा जुना युनियनचा बिल्ला काढला. तो तिने घरून आणला होता हे मला माहीतच नव्हतं.