दोन वर्षं त्याच कामात जायचं नाही म्हणे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी सात वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, सेटर होतो; टूल लावून मशीन कामाला तयार करायचं. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचं काम असायचं. रुजू होताना शंभराच्या स्टँप पेपरवर सही घेतली होती. मजकूर इंग्रजीत आणि मला नोकरीची घाई, त्यामुळं न वाचताच सही केली.

2022 मध्ये मच्छेच्या एका कारखान्यात जास्त पगारावर बोलावलं. महिनाभर आधी सांगून रीतसर सुटलो. तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टानं जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. सही केलेल्या त्या कागदाप्रमाणं म्हणे, नोकरी सोडल्यावर दोन वर्षं बेळगाव जिल्ह्यात याच कामाची नोकरी किंवा धंदा करायचा नाही, नाहीतर तीन लाख भरा. आईनं ती नोटीस देवापुढं ठेवली. व्हीएमसी सोडून मला दुसरं येतंय काय? दोन वर्षं घरी बसून खायचं काय?

शेजारच्या काकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं पाठवलं. 1987 च्या कायद्यानं औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. हे मला चाळिशीला आल्यावर कळलं.

मिळालेल्या वकील मॅडमनी कागद दोनदा वाचला. विचारलं, "नोकरीत असताना दुसरीकडं काम केलंत काय? तुमच्या ट्रेनिंगवर कंपनीनं खर्च केलाय? तिथलं ड्रॉइंग, प्रोग्रॅम काही जवळ आहे?" पहिल्या दोन्हीला नाही म्हटलं. तिसऱ्याला गप्प झालो. मशीनपाशी सोयीचं पडावं म्हणून काढलेले ड्रॉइंगचे अकरा फोटो मोबाईलमध्ये तसेच होते. दाखवले. मॅडम म्हणाल्या, "आत्ता पुसू नका. आधी लेखी कळवू, मग पुसा. ड्रॉइंग त्यांचं आहे. पण टूल कसा लावायचा, कटला आवाज आला की फीड, म्हणजे टूल सरकायचा वेग, किती कमी करायचा, हे तुमचं."

मग त्यांनी भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 27 वाचून दाखवलं. कुणाला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. धंदा गुडविलसकट, म्हणजे त्याच्या नावलौकिकासकट, विकणाऱ्याला वेगळा नियम आहे, पण मी काही विकलं नव्हतं. नोकरी चालू असतानाचं बंधन कोर्ट मानतं, सुटल्यानंतरचं नाही. ठरावीक वर्षं काम करण्याचा बॉण्ड ही आणखी वेगळी गोष्ट. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख असा बॉण्ड वैध धरला, तो या जातीचा. त्याची नि माझ्या कागदाची गल्लत करू नये.

नोटिशीला उत्तर गेलं, पुढं दावा आला नाही. पण जुन्या कंपनीनं ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटल्यावर सेवेच्या वर्षांप्रमाणं मिळणारी रक्कम, अडवून धरली होती. मूळ पगार आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 18,200. त्याला 26 नं भागून 15 नं गुणायचं, मग सात वर्षं. 73,500 रुपये. तीस दिवसांत द्यायला पाहिजेत. कामगार खात्यात अर्ज टाकला, सुनावणीच्या दुसऱ्या तारखेला चेक मिळाला.

मालकानं मला शिकवलं, ते मी विसरलेलो नाही. पण सात वर्षं रात्रपाळ्या करून मीही ते फेडलंय. माणूस टिकवायचा तर पगार वाढवावा, त्याच्या पोटावर पाय का द्यावा?

सहा महिन्यांनी मच्छेत कायम झालो तेव्हा नवा कागद पुढं आला. त्यातही तसलीच ओळ, एक वर्षाची. या खेपेला मी वाचली आणि मॅनेजरसाहेबांना कलमाचा आकडा सांगितला. त्यांनी ओळीवर काट मारली, शेजारी दोघांनी सही केली.