पांढरा रस्सा फुटला होता, नासला नव्हता

रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास आठ नंबरच्या टेबलावरून पांढऱ्या रश्श्याची वाटी परत आली. अंबाबाईचं दर्शन करून आलेलं बाहेरगावचं कुटुंब होतं. वाढपी म्हणाला, "नासलाय म्हणत्यात." त्यांचं बिल मालकांनी घेतलं नाही, तरी संध्याकाळी त्या वाटीचा फोटो एका स्टारसकट नेटवर चढला. खाली लिहिलं होतं, कालचा शिळा रस्सा तापवून वाढला.

आमच्याकडं रस्से माझ्या हाताखाली होतात, म्हणून ही गोष्ट डोक्यातून जात नाही. वाटीतलं दिसायला वाईटच होतं. वर तेलाचा तवंग, खाली पांढुरकं पाणी, मधे चोथा. पण वास खोबऱ्याचा आणि वेलदोड्याचा होता, चव गोडसर होती. नासलेला रस्सा नाकाशी नेला की आंबूस येतो, डाव उचलला की तार सुटते, कडेनं बारीक फेस धरतो. यातलं काहीच नव्हतं. तो फुटला होता, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं झालं होतं. फुटणं आणि नासणं यांतला फरक गिऱ्हाइकाला माहीत असायलाच हवा असं नाही, पण "शिळा" हा आरोप मोठा आहे.

दहा लिटर रश्श्याला आम्ही पाचेक किलो मटणाची अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी, घेतो, नळ्या भरपूर, हळदीचा कणही नाही. वरचा मळकट फेस पहिल्या अर्ध्या तासात काढत राहायचा, तो राहिला तर पुढं रंग करडा येतो. आठ नारळ लागतात. खोबऱ्याची काळी पाठ सोलून कोमट पाण्यात वाटायचं. पहिलं जाड दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. काजू दोनशे ग्रॅम, पांढरे तीळ दीडशे, खसखस शंभर. खसखस गरम पाण्यात दोन तास भिजल्याशिवाय मिक्सरला लागतच नाही, नुसती फिरते आणि मग रश्श्यात दाताखाली येते. तीळ फक्त कोमट करायचे, भाजले की पांढरा रस्सा पांढरा राहत नाही. दालचिनी, लवंग, वेलदोडा, तमालपत्र तुपात फुलवायचं, त्यावर आलं-लसूण आणि हिरवी मिरची, लसूण लाल व्हायच्या आत वाटण. पांढरी मिरी शेवटी.

मग अळणी, मग पातळ दूध, आणि आच अगदी खाली आणून जाड दूध, धार धरून, डाव एकाच दिशेनं फिरवत. इथून पुढं उकळी बंद. नारळाच्या दुधात तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं प्रथिन असतं. ते उकळीत गोठलं की तेल सुटतं. काजू-खसखशीचं वाटण थोडा आधार देतं, पण खळखळ उकळीपुढं तेही टिकत नाही. झाकण तर ठेवायचंच नाही, आत उकळी कधी आली ते कळत नाही. काही ठिकाणी मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावतात. तसा रस्सा सहसा फुटत नाही हे खरं, पण दुसऱ्या वाटीला जीभ चिकट होते आणि अळणीची चव मरते. मला ते मान्य नाही.

तयार डबा आम्ही गरम पाण्याच्या हंड्यात उभा ठेवतो. रस्सा पिण्याजोगा गरम राहतो, वाफाळत नाही. अडचण इथंच आहे. बाहेरच्या माणसाला वाफ दिसली नाही की रस्सा गार वाटतो. आठ नंबरवर "जरा उकळून आणा" म्हणाले, आणि कप्तानानं एक वाटी तापवायची सोडून अख्खा डबा भट्टीवर चढवला, वर झाकण. पार्सलची रांग गल्ल्यापर्यंत आली होती, त्याला वेगवेगळं तापवत बसायला वेळ नव्हता. कप्तान माणूस चांगला आहे, पण रश्श्याला तो चहासारखा वागवतो.

मी डबा उतरवला तेव्हा कडेला बुडबुडे येत होते. डाव घातला, तर रवाळपणा होता, तेलाचे ठिपके होते. पण फोटोतला चोथा त्याहून जाड आहे. आचेनं फुटलेला रस्सा बारीक रवाळ दिसतो. असा गुठळ्यांचा चोथा आंबट पडल्यावर होतो. फोटो मोठा करून पाहिला तर वाटीच्या काठाला लिंबाची बी चिकटलेली आहे. ताटात लिंबू कांद्यासाठी आणि सुक्यासाठी असतं, लोक ते पांढऱ्यातही पिळतात. म्हणजे रस्सा आधी डब्यात बिघडला, आणि वाटीत लिंबानं पुरता फुटला? की वाटी परत यायच्या किती तरी आधी लिंबू पिळलं होतं? त्याच डब्यातला रस्सा शेजारच्या टेबलानं तीनदा मागून घेतला, कुणी चकार शब्द काढला नाही.

उरलेला सहाएक लिटर मालकांनी ओतून द्यायला लावला. मी म्हणत होतो वाचवू. आचेवरून उतरवायचा, लिटरभर काढून भिजवलेल्या मूठभर काजूबरोबर मिक्सरला फिरवायचा आणि थोडा थोडा परत मिसळायचा. पहिल्यासारखा होत नाही, पण वाढण्यासारखा होतो. मालक म्हणाले, "फोटो निघालाय, आता त्या डब्यातलं काय वाढायचं न्हाई." त्यांचंही खोटं नव्हतं.

आता रविवारी दहा लिटरचा एक डबा न ठेवता पाच-पाचचे दोन ठेवतो, आणि तापवायला लहान पातेलं वेगळं. भट्टीच्या बाजूला त्यासाठी एक बर्नर मोकळा मागितलाय, तो अजून मिळालेला नाही, कारण तिथं भाकरीचा तवा आहे. लिंबाची फोड ताटातून काढून मागितल्यावर द्यावी असंही म्हणालो, त्यावर वाढपी हसले. फोटोखाली लिंबाच्या बीबद्दल उत्तर लिहिलं होतं, मालकांनी ते टाकू दिलं नाही. गिऱ्हाइकाशी चारचौघांत वाद घालायचा नाही, एवढंच म्हणाले.