बेटकुळीच्या मागे काय असतं

आपल्या शाळेतून मी १९९६ ला दहावी झाले. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते, आणि गेली बरीच वर्षं पीटीचा तासही माझ्याकडेच आहे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हाच वाटलं की गॅदरिंग, सहली, निकाल यावर बाकीचे लिहितीलच, आपण पीटीच्या सरांनी काय शिकवलं ते लिहायचं. सरांना स्वतःचं नाव छापलेलं कधीच आवडलं नाही त्यामुळे नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेलच.

तेव्हा बहुतेक शाळांत पीटी म्हणजे सावधान, विश्राम, दोन-चार कवायत प्रकार आणि मग मुलांना बॉल देऊन मोकळं सोडायचं, मुली लिंबाखाली गप्पा मारत बसायच्या. आमचे सर तसे नव्हते. खो-खोची टीम ते जीव ओतून तयार करायचे पण म्हणायचे, "टीममधे बारा पोरं असतात, वर्गात पन्नास आहेत. मला पन्नासच्या पन्नास पाहिजेत." आणि सहावी, सातवी, आठवी या तीन वर्गांवर त्यांचा खास जोर असायचा, कारण याच वयात उंची भराभर वाढते, हातपाय लांब होतात, आपलंच अंग आपल्याला नवीन वाटायला लागतं. त्या वेळी आत काय चाललंय हे कुणीतरी नीट सांगितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

सातवीतला तो ओल्या खडूचा तास माझ्या बॅचच्या सगळ्यांना आठवत असेल. पावसाने मैदानावर नुसता चिखल होता म्हणून आम्ही हॉलमधे. सरांनी वाटीभर पाणी आणि रंगीत खडू आणले, कोरडा खडू अंगावर उठत नाही, ओला केला की छान उठतो. एका मुलाला पुढे बोलावलं आणि बेटकुळी काढून दाखव म्हणाले. त्याने दंड फुगवला, सगळे ओरडले. सरांनी त्या फुगवट्याभोवती लाल रेघ काढली आणि फळ्यावर लिहिलं बायसेप्स. मग विचारलं की आता हात सरळ कर, हे कुणी केलं? कुणालाच सांगता येईना. सरांनी त्याला भिंतीवर हाताने जोर द्यायला लावला आणि दंडाच्या मागे जो भाग टणक झाला त्याच्याभोवती पिवळी रेघ मारली, ट्रायसेप्स. म्हणाले, "बेटकुळी सगळ्यांना दिसते, पण दंडात मोठा स्नायू हा मागचा आहे. तू जोर मारतोस ना, तेव्हा हाच राबतो."

मग रस्सीखेचीचा दोर आणून हॉलच्या दाराला बांधला. एक टोक आतून, एक बाहेरून. आतल्या मुलांनी ओढलं की दार आत, बाहेरच्यांनी ओढलं की बाहेर. "आता दोराने दार ढकलून दाखवा." सगळे हसले. सर म्हणाले, स्नायूचं तसंच आहे, त्याला फक्त आखडून ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून प्रत्येक सांध्याला जोडी लागते, एक वाकवणारा आणि एक सरळ करणारा, आणि एक आखडताना दुसऱ्याने सैल सुटायचं. हे एवढं मनात पक्कं बसलं की पुढे बी.एड.ला सांध्यांवर पाठ घ्यायचा होता तेव्हा मी सरळ दोर आणि दार घेऊन गेले.

त्यानंतर आम्ही जोडीजोडीने एकमेकींच्या पायावर खडूने काढलं. चवड्यांवर उभं राहिलं की पोटरी टणक होते आणि तिचे दोन भाग वेगळे दिसतात, नीट बघितलं तर आतल्या बाजूचा भाग बाहेरच्यापेक्षा थोडा खालपर्यंत उतरतो. हे सरांनी सांगितलं नाही, आम्हाला बोटाने चाचपून शोधायला लावलं. त्याच्या खाली सोलियस नावाचा दुसरा स्नायू असतो आणि दोघांची मिळून जाड कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टाचेला जाते. सरांनी याचा उपयोगही लगेच सांगितला. पंधरा ऑगस्टला भाषणं लांबली की एखादी मुलगी हमखास चक्कर येऊन पडायची. एका जागी ताठ उभं राहिलं की रक्त पायात साचतं, ते वर ढकलायला पोटरीचे स्नायू मदत करतात, म्हणून उभ्या उभ्या पोटरी आवळा, सोडा, टाचा हळूच वर-खाली करा. त्या वर्षी आमच्या वर्गाच्या रांगा झेंड्यासमोर टाचा हलवत उभ्या होत्या. आज मी माझ्या मुलांना हेच सांगते, प्रार्थना लांबली की सगळ्यात आधी हेच.

मुलींच्या बाबतीत सरांचं एक मला फार मोठं वाटतं. आमच्यातल्या निम्म्या मुली सकाळी हापशावरून पाणी भरून शाळेत यायच्या. घरी कुणी त्याला व्यायाम म्हणत नव्हतं, ते काम होतं. सरांनी एकदा विचारलं, हापसा मारून दुसऱ्या दिवशी कुठं दुखतं? मग सांगितलं की दांडा खाली दाबताना पाठीचा रुंद स्नायू, लॅटिसिमस डॉर्साय, आणि दंडाचा ट्रायसेप्स राबतो, आणि भरलेली कळशी हातात धरून चालताना मानेपासून खांद्यावर आणि पाठीवर पसरलेला ट्रॅपेझियस. त्याच वेळी बजावलं की रोज एकाच बाजूला कळशी नको, बाजू बदला, आणि खालचं ओझं उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवून मांड्यांच्या जोरावर उठा, मांडीत पुढे चार मोठे स्नायू आहेत ते कशाला ठेवलेत. मुलींना ताकद नसते हे वाक्य त्या दिवसानंतर आमच्या वर्गात कुणी बोललं नाही. पाळीच्या दिवसांत काय करायचं, काय नाही करायचं हे त्यांनी बाईंकडून वेगळा तास घेऊन आम्हाला सांगायला लावलं, त्या काळात हे किती शाळांत होत होतं मला माहीत नाही.

जून आणि जानेवारी अशा दोनदा चाचण्या व्हायच्या. उभ्याने लांब उडी, उठाबशा (म्हणजे पाठीवर झोपून उठायच्या त्या, कान धरून नव्हे), दोन रेघांमधली मागे-पुढे धाव, बसून पुढे वाकून पट्टीवर किती पोचतं ते (म्हणजे लवचीकता), आणि ६०० मीटर. ६०० मीटरमधे दम लागला तर चालायला परवानगी होती, थांबायला नाही. प्रत्येकाची एक वही, त्यात आपले आकडे आपण लिहायचे आणि सरांनी ते कधीच वर्गात मोठ्याने वाचले नाहीत. मी जाड होते आणि धावताना सगळे बघतायत असं वाटायचं. जानेवारीत लवचीकतेचा आकडा वाढला, ६०० मीटरमधे चालणं कमी झालं, ते फक्त मला आणि सरांना माहीत. मला आजही वाटतं की ती वही ही शाळेने मला दिलेली सगळ्यात चांगली वही होती, कारण तिच्यात माझी तुलना फक्त माझ्याशी होती.

नाडी मोजायलाही तेव्हाच शिकलो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं, अंगठा ठेवायचा नाही कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. सर घड्याळाकडे बघत "चालू" म्हणायचे, १५ सेकंदांनी "थांबा", आणि आलेल्या आकड्याला चारने गुणायचं. बसून एकदा, धावून आल्यावर एकदा, पाच मिनिटांनी परत. हृदय पण स्नायूच आहे, त्याला पण व्यायाम लागतो, आणि तयार झालेलं हृदय धावून आल्यावर लवकर शांत होतं, हे आम्ही आमच्याच आकड्यांत बघितलं.

आपल्या कराड भागात राहून सर पैलवान खाशाबा जाधवांबद्दल बोलले नसते तरच नवल. त्यांचं गाव गोळेश्वर आपल्या शेजारी. १९४८ ला लंडनला सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सर ही गोष्ट नुसती अभिमानाने सांगून थांबायचे नाहीत, मधल्या चार वर्षांत काय केलं असेल ते आम्हाला विचारायचे आणि कुस्तीतला एकेक डाव घेऊन कुठला स्नायू लागेल ते ओळखायला लावायचे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते हेही त्यांच्याकडूनच कळलं, औंध काही लांब नाही इथून. आम्ही नमस्कार घालताना सर मधेच थांबवून विचारायचे, खाली वाकलात, आता काय ताणलं? मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग. छाती वर उचलली, आता? पोट ताणलं, पाठीचे कण्यालगतचे स्नायू आवळले. अशा पद्धतीने एक नमस्कार घालायला बराच वेळ लागायचा पण तो अजून अंगात आहे.

आता माझ्या शाळेचं. आमच्याकडे सहावी ते आठवी मिळून शंभरच्या आत पट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात या वर्गांचा पट शंभरच्या वर असेल तरच आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे, म्हणजे छोट्या गावातल्या मुलांना पीटीचे सर मिळायचेच नाहीत. मला हे पटत नाही, स्नायू काय पटसंख्या बघून वाढत नाहीत. म्हणून मी ओला खडू घेते, दोर घेते, वह्या करते. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी निदान ६० मिनिटं दम लागेल असं काहीतरी करावं आणि आठवड्यातून तीन दिवस तरी स्नायूंना जोर पडेल असं असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आमच्या वेळापत्रकात पीटीचे तास मोजून दोन-तीन, ते पण ३५ मिनिटांचे. त्यातलाही एखादा तास सिलॅबस राहिलाय म्हणून दुसऱ्या विषयाला जातो. मी गणिताची बाई आहे तरी सांगते, पीटीचा तास गणिताला घेऊ नका.

मुलांचे प्रश्न बदललेत. आठवीतली मुलं मोबाईल बघून सिक्स पॅक कसे येतात आणि कुठली पावडर घ्यायची ते विचारतात. मी त्यांना सांगते की पोटाच्या पुढच्या स्नायूला आडव्या कंडरांच्या पट्ट्या सगळ्यांनाच असतात, म्हणजे ते पॅक तुमच्या पोटात आत्ताही आहेत, वरच्या चरबीमुळे दिसत नाहीत एवढंच, आणि ते दिसले नाहीत म्हणून पोट कमजोर आहे असं नाही. पावडरीपेक्षा डाळ, उसळ, अंडं, दूध, शेंगदाणे आणि रात्रीची पुरेशी झोप. या वयात आपल्याच अंगाच्या वजनावर जोर, बैठका, लोंबकळणं, दोरीवरच्या उड्या, आणि आधी पद्धत बरोबर, मग आकडा. मुली विचारतात बैठका घातल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या का धरतात. सवय नसलेलं काम पडलं की स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, ती एक-दोन दिवसांत जास्त जाणवते आणि आपोआप भरून येते. लॅक्टिक ॲसिड साठतं असं सगळे सांगतात पण ते व्यायाम थांबवल्यावर तासाभरात बहुतेक निघून गेलेलं असतं. पोटरीत गोळा आला तर काय करायचं हे तर आमच्या सहावीच्या पोरांनाही येतं, गुडघा सरळ आणि पायाची बोटं आपल्याकडे ओढायची.

मागच्या वर्षी सरांना भेटायला गेले होते तेव्हा माझ्या मुलांच्या चाचण्यांच्या वह्या दाखवायला नेल्या. सर चष्मा लावून एकेक वही बघत बसले, एका मुलाचा लवचीकतेचा आकडा कमी झालेला बघून म्हणाले, "याची उंची वाढली असेल बघ, हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात. रागावू नकोस त्याला." शाळेत जाऊन उंची मोजली, खरंच वाढली होती.

सुवर्णमहोत्सवाचा जो निधी जमतोय त्यातून कमान आणि रंगकाम होणार आहे असं ऐकलं, ते व्हायला पाहिजेच. माझी संस्थेला आणि माजी विद्यार्थी संघाला एक विनंती आहे, त्यातला थोडा भाग हॉलसाठी चार जाड मॅट, दोन स्टॉपवॉच, लवचीकता मोजायची पेटी आणि सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला एक वही यासाठी ठेवा. वह्यांचा पहिल्या वर्षाचा खर्च मी देते, तसं ऑफिसमधे कळवलंय. चाचण्या कशा घ्यायच्या, नोंदी कशा ठेवायच्या ते सरांच्या पद्धतीने लिहून टाईप करून दिलंय, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एखाद्या शनिवारी नवीन शिक्षकांना दाखवायला मी स्वतः येईन, फक्त हॉलच्या दाराच्या बिजागऱ्या त्याच्या आधी दुरुस्त करून घ्या.