सरकारवाड्याच्या पायऱ्या

चाळीस वर्षं नाशिकच्या सराफ बाजारात येतेय, पण सरकारवाड्यात आज पहिल्यांदा शिरले. तेही आत्यामुळे. बांगडी दुरुस्तीला टाकून दोन तास मोकळे होते, ती म्हणाली, "चल गं, आत जाऊन तर येऊ."

पेशवेकाळातला वाडा. दगडी जोतं, वर लाकडी खांब. बाहेर स्कूटरींचा कलकलाट, आणि चौकात पाय ठेवला की एकदम गारवा. खांबाला हात लावून उभी राहिले, उगाचच. वाड्यातल्या गारव्याला एसीची सर नाही, हे माझं ठाम मत आहे. वाड्यात वाढलेली माणसं असंच म्हणणार म्हणा!

पण माझं लक्ष पायऱ्यांकडेच. लहानपणी पावसाळ्यात घरी एकच चौकशी असायची, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला? आणि सरकारवाड्याच्या पायरीला पाणी लागलं म्हटलं की मोठी माणसं गप्प व्हायची. २००८ च्या पुराच्या आठवणी आत्या तिथेच सांगत बसली.

बाग मात्र नाही. मुघलांच्या काळात या गावाचं नाव गुलशनाबाद, फुलांचं गाव. आत्याच्या माहेरच्या वाड्यात निदान प्राजक्त होता. तिथे आता पार्किंग आहे. परत निघताना तिने फुलवालीकडून गुलाब घेतले, पाव किलो. "एवढे कशाला?" तर म्हणे, "असू दे."

बांगडी अजून झालेली नव्हती. उद्या या म्हणाले.