तुम्ही विचारलंत म्हणून: जिम रीव्ह्ज यांची जुनी एलपी घ्यावी का?

‘जिम रीव्ह्जची जुनी एलपी (गाण्यांची मोठी तबकडी) मिळते आहे, घेऊ का?’ असे मुंबई-गोव्यातील परिचित मला नेहमी विचारतात. त्यात नवल नाही, कारण अमेरिकेच्या कंट्री संगीतातील फार थोडे आवाज आपल्याकडे इतक्या घरांत पोहोचले. 1963 साली निघालेली त्यांची नाताळगीतांची एलपी अनेक ख्रिस्ती कुटुंबांत आजही आपुलकीने ऐकली जाते. मी जुन्या कंट्री एलपी जमवतो, आणि माझे उत्तर असे आहे की जरूर घ्यावी, पण साथीचे वादक गायकाबरोबर एकाच खोलीत बसून वाजवत होते की त्यांची साथ मागाहून चढवली गेली, हे आधी पाहावे.

रीव्ह्ज यांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. 1957 साली ‘फोर वॉल्स’ गाताना त्यांनी ओठ जवळजवळ मायक्रोफोनला टेकवून आवाज अगदी खाली ठेवला, आणि निर्माते चेट ॲटकिन्स यांनी त्या आवाजाभोवती मोकळी जागा राखली. 1959 मध्ये नॅशव्हिल येथील आरसीए या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या ‘ही’ल हॅव टू गो’मध्ये फ्लॉइड क्रेमर यांचा पियानो आणि अनिता कर यांचा गायकवृंद गायकाचा श्वास ऐकून वाजतो-गातो, असे मला प्रत्येक वेळी जाणवते. 31 जुलै 1964 रोजी विमान अपघातात रीव्ह्ज गेले. त्यानंतर कंपनीने शिल्लक मुद्रणांवर नवी साथ चढवून वर्षानुवर्षे एलपी काढल्या. 1966 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘डिस्टंट ड्रम्स’ हे मुळात गीतकार सिंडी वॉकर यांच्यासाठी केलेले साधे नमुना-मुद्रण होते. त्यातील वाद्यवृंद गायकाच्या मृत्यूनंतरचा आहे. त्या गाण्यातला आवाज मला प्रिय आहे, तरी निवड करायची वेळ आली तर मी रीव्ह्ज हयात असतानाच निघालेली एलपी उचलतो.

अमेरिकी प्रत असेल तर एलपीच्या क्रमांकाआधीची अक्षरे बरेच सांगून जातात. 1960च्या दशकातील आरसीए एलपीवर ‘एलपीएम’ म्हणजे मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने) आणि ‘एलएसपी’ म्हणजे स्टिरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा). पुढे कंसात ‘ई’ असेल तर मूळ मोनो मुद्रणाला यंत्राने स्टिरिओचे रूप दिले आहे असे समजावे. कॅपिटॉल ही दुसरी रेकॉर्ड कंपनी अशा एलपीला ‘डीटी’ ही अक्षरे देत असे. ही कृत्रिम स्टिरिओ मी टाळतो, कारण तिच्यात आवाज पोकळ आणि विखुरलेला होतो. कंट्री गायक हँक विल्यम्स यांचे निधन 1 जानेवारी 1953 रोजी, म्हणजे स्टिरिओ एलपी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी झाले, त्यामुळे त्यांची ‘स्टिरिओ’ एलपी दिसली की ती नंतरची कारागिरी आहे हे उघडच आहे. त्यांच्याही गाण्यांवर पुढे व्हायोलिनचे ताफे चढवले गेले.

मोनोचा आणखी एक फायदा आहे. मोनो तबकडीच्या खाचेत, म्हणजे सुई फिरते त्या बारीक चरीत, गाणे फक्त आडव्या हालचालीत कोरलेले असते, म्हणून ॲम्प्लिफायरवरचे मोनोचे बटण दाबले की उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीचशी नाहीशी होते.

बाकी तपासणी सोपी आहे. तबकडी दिव्याखाली तिरकी धरावी; केसासारख्या बारीक रेषा बहुधा ऐकू येत नाहीत, पण नखाला जाणवणारा ओरखडा हमखास टकटकतो. मात्र जड सुईने झिजलेली खाच डोळ्यांना फसवते, म्हणून शक्य असेल तिथे शेवटचे गाणे वाजवून पाहावे: खाचेचा वेग आतल्या बाजूला कमी असल्याने आवाज तिथेच सर्वांत आधी फाटतो. कव्हर एका एलपीचे आणि आत तबकडी दुसरीच, असेही जुन्या बाजारात पुष्कळदा घडते; तेव्हा पैसे देण्यापूर्वी ती बाहेर काढून लेबलवरचा क्रमांक कव्हरशी ताडून घ्यावा.